वेल, गाणे आणि पथ्य

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून भाच्याचे पत्र आले. सोबत एक सचित्र माहितीपत्रक होते. पेरू देशाच्या पर्जन्यवनात 10 दिवसांची मोहीम. दिवसा वाटाड्यासह औषधी वनस्पतींची ओळख, रात्री स्थानिक वैदूंच्या सान्निध्यात विधी. अखेरीस एक अर्ज जोडलेला. भाच्याने स्वतः लिहिलेला मजकूर मात्र चारच ओळींचा होता. ‘‘आत्या, तू जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेस, म्हणून तुला विचारतो. त्या वेलीच्या नावाचा अर्थ ‘मृतांची दोरी’ असा आहे म्हणे. तिचा काढा घेतला की गेलेली माणसे दिसतात असे सांगतात. बाबा दिसतील का?’’

त्याचे बाबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन दोन वर्षे झाली. मुलगा पोहोचला तो तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून तो नैराश्यावरचे औषध घेतो. हे येथे लिहिण्यास त्याची अनुमती आहे. सुज्ञ वाचकहो, अशी माहितीपत्रके आज अनेक घरांतील तरुणांच्या हाती पडत आहेत. म्हणून त्याला दिलेले उत्तर थोडे विस्ताराने आपल्यासमोर ठेवते.

या मोहिमा बहुधा इकितोस या शहरातून निघतात. अॅमेझॉनच्या काठी वसलेल्या या मोठ्या शहराला उर्वरित देशाशी जोडणारा एकही रस्ता नाही. विमानाने जावे किंवा नदीने. तेथील बेलेन बाजारात ‘पासाहे पाकितो’ नावाची एक गल्ली केवळ साली, मुळ्या, पाने आणि काढ्यांच्या बाटल्यांची आहे. मी तेथे गेलेले नाही. परंतु त्या गल्लीतील कित्येक वनस्पती वर्गात शिकवल्या आहेत. ‘सांग्रे दे ग्रादो’ या झाडाच्या खोडाला चीर दिली की रक्तासारखा लाल चीक येतो. जखमेवर आणि अतिसारावर तो पूर्वापार वापरतात. त्याच चिकापासून तयार झालेल्या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2012 साली मान्यता दिली. बाणाच्या टोकाला लावायचे ‘क्युरारे’ हे विष 1942 साली माँट्रियलमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी वापरले गेले आणि भूलशास्त्राचे रूप पालटले. तेव्हा या लोकांच्या ज्ञानाला भोळी समजूत म्हणून हिणवणे हे आपलेच अज्ञान ठरेल.

भाच्याने विचारलेली वेल म्हणजे आयावास्का. केचुआ भाषेत ‘आया’ म्हणजे मृत किंवा आत्मा आणि ‘वास्का’ म्हणजे दोर, वेल. काढा मात्र एकट्या वेलीचा नसतो. तिच्यासोबत बहुधा ‘चाक्रुना’ नावाच्या झुडपाची पाने तासन्‌तास उकळतात. दृश्ये दाखवणारे द्रव्य, डीएमटी, त्या पानांत असते. परंतु नुसती पाने खाल्ली तर आपल्या पोटातील एक विकर त्या द्रव्याचा नाश करते. वेलीतील हार्मिनसारखी द्रव्ये त्याच विकराला रोखून धरतात. हजारो वनस्पतींच्या त्या अरण्यात नेमक्या या दोन एकत्र आणाव्यात हे प्रयोगशाळेविना कसे साधले असेल, या विचाराने मी आजही थक्क होते. तेथील मूळ जमातींचे आयावास्काविषयीचे ज्ञान आणि उपयोग यांना पेरूने 2008 साली राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून घोषित केले.

माहितीपत्रकात त्या वैदूंना ‘शामन’ म्हटले आहे. हा शब्द अॅमेझॉनचा नव्हेच. तो सायबेरियातील एवेंकी लोकांच्या भाषेतून रशियनमार्गे जगभर गेला. त्याचे मूळ आपल्या प्राकृतातील ‘समण’, म्हणजे श्रमण, या शब्दात असावे असे काही विद्वानांनी सुचवले होते. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना ते पटलेले नाही. उकायाली नदीकाठचे शिपिबो लोक आपल्या वैदूला ‘ओनान्या’ म्हणतात. त्याचा अर्थ जाणता. व्युत्पत्तीचे नाते आपण सोडून देऊ. आचाराकडे पाहिले तर मात्र थांबावेसे वाटते.

कारण जाणता होण्याचा मार्ग काढ्याच्या पेल्यातून जात नाही, पथ्यातून जातो. त्याला तेथे ‘दिएता’ म्हणतात. शिष्य एखादी वनस्पती निवडतो आणि अरण्यातील झोपडीत एकटा राहून तिचे सेवन करतो. त्या काळात मीठ नाही, साखर नाही, तेल-तिखट नाही, मद्य नाही. ब्रह्मचर्य पाळायचे, माणसांत मिसळायचे नाही. आहार म्हणजे उकडलेली केळी, भात, क्वचित थोडा मासा. आठवडे, महिने, आणि पूर्ण शिक्षणाची मिळून वर्षे. आपल्या घरात रसपरित्याग हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो, म्हणून हे वाचताना ओळखीचे वाटते. साम्य ओढूनताणून सांगणार नाही. मासा त्यांना वर्ज्य नाही आणि त्यांचे साध्यही आपल्याहून वेगळे आहे. परंतु जिभेला आवरल्यावाचून ज्ञान येत नाही, हे जगाच्या दुसऱ्या टोकाच्या अरण्यातही माणसाला उमगले, हे नोंदवण्याजोगे आहे.

दिएतासाठी घेतल्या जाणाऱ्या वनस्पतींपैकी एक आहे ‘आहो साचा’, म्हणजे रानलसूण. ही जांभळ्या फुलांची वेल आपल्याकडे शोभेसाठी लावतात. लसूणवेल म्हणतात ती हीच. आमच्या माहेरच्या अंगणात ती माझ्या भावाने लावली होती. कांदा-लसूण घरात न येणाऱ्या आमच्या आईला तिचा वास येई आणि ती दर वेळी विचारी, ‘‘शेजारी फोडणी कोणी दिली?’’ भाऊ पान चुरगाळून तिच्या नाकाशी नेई आणि हसे.

पथ्यानंतर येते गाणे. प्रत्येक वनस्पतीचे गाणे शिष्याला त्या एकांतात लाभते, असे ते मानतात. त्या गाण्यांना ‘इकारो’ म्हणतात. विधीच्या अंधारात जाणता गातो. त्यांच्या मते रोग्याला बरे करते ते गाणे, काढा केवळ डोळे उघडतो. पूर्वी पुष्कळदा रोगी काढा घेतही नसे; वैदू स्वतः तो घेऊन त्याच्या व्याधीचे कारण शोधी. आता पाहुणे येतात, त्यांना पेला हवा असतो, आणि तोही ठरलेल्या दिवसांत. वर्षांचे पथ्य गाळून एका रात्रीचे फळ विकले जाते.

या घाईचे एक रूप मला विशेष खुपले. काही मोहिमांत ‘काम्बो’ नावाचा आणखी एक उपचार असतो. झाडावरच्या हिरव्या बेडकाचे चारही पाय ताणून बांधतात, त्याला डिवचून त्वचेवरचा स्राव खरवडून घेतात आणि माणसाच्या अंगावर डाग देऊन केलेल्या जखमांत तो भरतात. मग ओकाऱ्या होतात, ‘शुद्धी’ झाली म्हणतात. मात्सेस जमातीचे शिकारी तो शिकारीपूर्वी घेत. न्यू जर्सीच्या माणसाच्या शुद्धीसाठी त्या जिवाला का ताणावे? याचे उत्तर शोधण्यास मला ग्रंथ उघडावा लागला नाही.

घेणारे केवळ पाहुणेच नव्हेत. 1986 साली एका अमेरिकी व्यक्तीने आयावास्काच्या वेलीच्या एका वाणावर चक्क पेटंट मिळवले. अॅमेझॉनच्या जमातींच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. 1999 साली ते नाकारले गेले, 2001 साली पुन्हा बहाल झाले. आपल्या हळदीच्या पेटंटची कथा वाचकांना आठवत असेल. ते 1997 साली रद्द करवण्यात भारताला यश आले, कारण आपल्याकडे लिखित पुरावे होते. अरण्यातील गाण्यांचा असा पुरावा कोठून आणावा? मात्सेस वैदूंनी यावर वाट काढली. आपल्या औषधविद्येचा सुमारे 500 पानांचा कोश त्यांनी 2015 साली पूर्ण केला, आणि तो केवळ आपल्याच भाषेत ठेवला, जेणेकरून नातवंडांना वाचता यावा, चोराला नव्हे.

आता अर्जाविषयी. त्यात एक रकाना होता : ‘सध्या कोणती औषधे घेता?’ भाच्याने कळवले होते की तो रकाना कोरा सोडण्याचा त्याचा विचार आहे, कारण खरे लिहिले तर ते घेणार नाहीत. येथे मात्र मी आत्या उरले नाही, शिक्षिका झाले. त्याला लिहिले, ‘‘वेल ज्या विकराला रोखते त्याचेच काम मेंदूतील सेरोटोनिन आवरण्याचे असते, आणि तुझ्या गोळीचे कार्यही सेरोटोनिनवरच चालते. दोन्ही एकत्र आली तर तीव्र ताप, झटके, क्वचित मृत्यूही संभवतो. गोळी आपल्या मनाने सोडून जाशील तर तोही धोकाच; काही गोळ्यांचा अंश आठवडेच्या आठवडे शरीरात राहतो आणि नैराश्य तर वाटेतच उलटू शकते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याविना काही करू नकोस आणि रकाना कोरा सोडू नकोस. जाणत्यापुढे खोटे बोलून बसायचे असेल तर त्याच्याकडे जायचे कशाला?

‘‘बाबा दिसतील का, हे मला सांगता येणार नाही. तो काढा घेतलेल्या काहींना मृत आप्त दिसल्याचे ते सांगतात. दिसले ते कोण होते, याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात नाही. पण तो पोहोचण्याआधी जे राहून गेले ते एका रात्रीत भरून निघेल, या आशेवर माझा विश्वास नाही. मलाही तो रोज आठवतो. दुःखालाही पथ्य लागते, बाळा, आणि ते लांबलचक असते.’’

तीन आठवड्यांनी उत्तर आले. ‘‘आत्या, रकाना भरला. काढा देणार नाहीत, पण दिवसाच्या भटकंतीला ये म्हणाले. काम्बोही नको म्हणून कळवले. जाईन म्हणतो. वाटाड्याला सांगून ठेवले आहे, आहो साचा दिसली की थांबव. पान चुरगाळून बघायचे आहे.’’