पकड आणि पकडणारा

१९८८ साली मी भोकरच्या शाखेत होतो. जत्रेतल्या कबड्डीची बक्षिसे वाटायला बँकेचा साहेब लागतो, म्हणून तालुक्यातल्या एका खेड्यात मंडपात जाऊन बसलो होतो. पाणी मारून चोपलेली काळी माती उन्हाने फरशीसारखी झाली होती. शेवटच्या मिनिटाला चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावत असताना कोपऱ्यातल्या पोराने डोके खाली घालून त्याच्यावर मुसंडी मारली. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. चढाईपटू उठला, पकडणारा उठला नाही. चौघांनी हातपाय धरून त्याला जीपमध्ये घातले. अशा उचलण्याने मानेचे काय होते, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

पुढे काही महिन्यांनी तो शाखेत आला. कार्डावर त्याची वळणदार सही होती. आता हातात पेन धरवत नव्हते, अंगठा घ्यावा लागला. म्हणाला, "साहेब, डोकं कुठं ठेवायचं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

अमेरिकेच्या फुटबॉलला हा प्रश्न आपल्या आधी भेडसावला. शिरस्त्राण आले तशी पोरे डोक्याचाच मुसळासारखा वापर करू लागली. १९६८ या एका वर्षात तिथे मैदानावरच्या थेट आघाताने ३६ खेळाडू मेले. १९७६ मध्ये शाळा-महाविद्यालयांतून डोक्याने हाणणे नियमबाह्य ठरले, शिरस्त्राणांची मानके कडक झाली, आणि १९९० साली असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. खेळ मवाळ झाला म्हणून कुणी तिकीट परत केले नाही. व्यावसायिक लीगने तर २०२४ मध्ये मागून कमरेला विळखा घालून धावणाऱ्याच्या पायांवर स्वतःचे वजन टाकण्यावरही बंदी घातली. ही पकड आपल्याकडच्या कुठल्याही जत्रेत दिसेल.

कबड्डीत नियम नाहीत असे नव्हे. चढाईपटूला हातपाय आणि धड सोडून इतरत्र धरता येत नाही. तोंड दाबले, पायांची कात्री घातली, इजा होईल अशी हिंसक पकड केली, तर तो बाद होत नाही. पंचाच्या खिशात कार्डेही असतात. पण नियम चढाईपटूला जपतो. स्वतःची मान मोडून घेणाऱ्या पकडपटूला कोण जपणार? तिथे तंत्रच हवे. नजर वर, हनुवटी उचललेली, धडक खांद्याची, आणि डोके समोर नव्हे तर त्याच्या अंगाच्या बाजूला. घोट्याची पकड करताना तोंड गुडघ्याच्या रेषेतून बाहेर. गडी हवेत असेल तर ढकलायचे नाही; त्या क्षणी त्याच्या मानेचा भार आपल्यावर असतो. हे सारे रोज घोटल्याशिवाय अंगात मुरत नाही.

'जबाबदारी खेळाडूची' हे वाक्य आयोजकांना फार सोयीचे असते, म्हणून मला ते आवडत नाही. तरीही डोके वर उचलणे हे दुसरा कुणी त्याच्यासाठी करू शकत नाही, हेही खरेच. २०१४ पासून दूरदर्शन संचावर प्रो कबड्डी आली. तिथली धडक आमची पोरे पाहतात. तिच्यामागचा सराव, मॅट आणि फिजिओ त्यांच्या वाट्याला येत नाहीत. जुलै २०२२ मध्ये तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात एक तरुण चढाईपटू झटापटीनंतर मैदानावरच कोसळून गेला. दोन दिवस बातम्या आल्या.

गेल्या हिवाळ्यात त्याच खेड्याने मला पुन्हा बोलावले. रोख बक्षीस तेव्हाच्या कित्येक पट, मॅट भाड्याने आणलेली. मी संयोजकांना विचारले, स्ट्रेचर आहे का, मान धरून उचलता येणारा कुणी आहे का? "पुढच्या वर्षी बघू, साहेब," ते म्हणाले, आणि माझ्या हातात पाकीट दिले.