आधी दांड्या उचला, मग कुत्रा पळवा!

बालदोस्तांनो, आपल्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सध्या एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोकावतोय. कुणी टीव्हीवर पाहिलंय, तर कुणी बाबांच्या मोबाइलवर. एक कुत्रा बाणासारखा सुटतो, टणाटण उड्या मारतो, बोगद्यात गडप होतो, दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो आणि रांगेत रोवलेल्या काठ्यांमधून सापासारखा वळवळत जातो. बाजूने त्याचा मालक हातवारे करत, धापा टाकत पळत असतो. पळता पळता एखादे वेळी आपटतोसुद्धा! प्रेक्षक टाळ्या वाजवतात, कुत्रा शेपटी हलवतो. मग पत्रात पुढे विचारलेलं असतं, ‘हा कुठला खेळ? तो शिकवणारा क्लब असतो का? आणि आमच्या मोत्याला त्यात घेतील का?’

खेळाचं नाव अ‍ॅजिलिटी, म्हणजे चपळाई. तो जन्मला इंग्लंडमध्ये, आणि तोही वेळ भरून काढण्यासाठी! तिथे ‘क्रफ्ट्स’ नावाचं कुत्र्यांचं प्रचंड मोठं प्रदर्शन 1891 पासून भरत आलं आहे. प्रदर्शनात मुख्य रिंगणातला एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होईपर्यंत बराच वेळ जाई आणि प्रेक्षक कंटाळत. प्रदर्शनाच्या समितीवर जॉन व्हार्ली नावाचे गृहस्थ होते. घोड्यांच्या अडथळे-उडीच्या शर्यती असतात ना, तसंच काहीतरी कुत्र्यांचं करून दाखवलं तर? असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पीटर मीनवेल या अनुभवी कुत्रा-प्रशिक्षकाला हाताशी धरलं. मीनवेल यांनी अडथळे आखले, आणि फेब्रुवारी 1978 मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात चार-चार कुत्र्यांचे दोन संघ लोकांसमोर पळाले. लोक इतके खूश झाले, की मधल्या वेळेतली ती गंमत लोकांच्या लक्षात राहिली! दोनच वर्षांत, 1980 मध्ये, तिथल्या केनेल क्लबने तिला खेळ म्हणून मान्यता दिली आणि नियम बनवले.

आता क्लबचं. क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? चकचकीत इमारत, गणवेशातला दरवान, भलीमोठी फी. इंग्लंडमधले कितीतरी अ‍ॅजिलिटी क्लब याच्या अगदी उलट असतात. एखाद्या शेतकऱ्याकडून भाड्याने घेतलेलं गवताचं मैदान, कोपऱ्यात सामान ठेवायची एक शेड आणि भरपूर चिखल. बस्स! पगारी माणूस एकही नाही. शिकवणारे फुकट शिकवतात. दिवसा कुणी बँकेत असतं, कुणी शिक्षिका, कुणी बसचालक. संध्याकाळी हेच लोक रबरी बूट घालून मैदानात. त्यांच्यातलाच एक चिटणीस, एक खजिनदार. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळासारखंच की! मंडपाचे बांबू कोण उचलणार यावर जशी तिथे चर्चा, तशीच इथे उड्यांच्या दांड्यांवर.

समजा, तुम्ही तिथल्या एखाद्या गावात राहता आणि तुम्हाला अशा क्लबात जायचंय. तुम्ही कुत्र्याला साखळी लावून उत्साहाने निघालात, तर बहुधा दारातूनच परत यावं लागेल. ‘पहिल्यांदा कुत्र्याला घरी ठेवून या,’ असं सांगणारे क्लब पुष्कळ. आधी एक संध्याकाळ नुसतं बघायचं. मग प्रतीक्षायादीत नाव. शिकवणारे मोजके आणि येणारे कुत्रे ढीगभर, त्यामुळे काही ठिकाणी यादी बरीच लांब असते. मग लसीकरणाचा दाखला. मग परीक्षा, पण उडीची नव्हे! कुत्रा बोलावल्यावर येतो का? ‘बस’ म्हटल्यावर बसतो का? दुसरा कुत्रा शेजारून गेला तर अंगावर धावून जातो का? या खेळात साखळी काढूनच पळायचं असतं. तेव्हा हाकेला न येणारा कुत्रा म्हणजे सगळ्यांच्याच डोक्याला ताप.

एकदाचे आत गेलात. आता वर्ग एक तासाचा आणि कुत्रे सहा, असं धरा. गणित करा पाहू. तुमच्या वाट्याला किती आलं? जेमतेम दहा मिनिटं! उरलेल्या पन्नास मिनिटांत काय करायचं? पडलेल्या दांड्या पुन्हा लावायच्या. लहान कुत्रा आला की दांडी खाली, मोठा आला की वर. बोगदा वाऱ्याने हलू नये म्हणून त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. अंधार पडला की सगळं उचलून शेडमध्ये. आपल्या कुत्र्याची घाण आपणच उचलायची, हे तर सांगायलाच नको. वर्गणी असते, नाही असं नाही. पण खरी वर्गणी ही अशी अंगमेहनतीची. शाळेत दांडी मारणारे हुशार समजतात स्वतःला. इथे मान दांडी उचलणाऱ्याला! आणि हा काही शिष्टाचाराचा प्रश्न नाही, बरं का. ज्या क्लबात सगळ्यांना फक्त आपापली दहा मिनिटं हवी असतात, तिथे शिकवणारेच थकून एक दिवस यायचे बंद होतात. मग मैदानाचं भाडं कोण भरणार आणि कुलूप कोण उघडणार?

बरं, शिकवतात काय? पहिल्याच दिवशी टणाटण उड्या? छे! कोवळ्या पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी वाढीची मऊ कूर्चा असते. ती पक्की व्हायला लहान जातींना साधारण वर्षभर लागतं, मोठ्या जातींना त्याहून जास्त. त्याआधी उंच उड्या मारायला लावल्या, तर सांध्यांचं जन्मभराचं दुखणं मागे लागू शकतं. म्हणूनच केनेल क्लबच्या स्पर्धेत 18 महिन्यांच्या आतल्या कुत्र्याला उतरताच येत नाही. कुत्र्याला ‘दुखतंय’ असं सांगता येत नाही. तुम्ही खूश व्हावं म्हणून तो दुखऱ्या पायानेही उडी मारेल. त्याच्या वतीने ‘नको’ म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि चांगल्या क्लबातला शिक्षक ते आधी म्हणतो. पिल्लू घेऊन आलेल्यांना तो जमिनीवर ठेवलेल्या दांडीवरून चालवतो, सरळ छोट्या बोगद्यातून बोलावतो, वळायला शिकवतो. पोरं हिरमुसतात. हिरमुसू देत!

मग एकेक अडथळा. ‘ए-फ्रेम’ म्हणजे दोन रुंद फळ्या टेकवून केलेला, इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा डोंगर. ‘डॉग वॉक’ म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा अरुंद पूल. आणि सीसॉ तर तुमच्या बागेतलाच. या तिन्हींच्या टोकांना वेगळा रंग दिलेला असतो. खाली उतरताना त्या रंगीत भागाला कुत्र्याचा पाय लागलाच पाहिजे, नाहीतर दंडाचे 5 गुण. हा नियम उगाच छळायला नाही केलेला. तो नसता, तर घाईतल्या कुत्र्याने वरूनच उडी टाकली असती आणि खांदा दुखावून घेतला असता. सीसॉवर आणखी एक पंचाईत. फळी जमिनीवर ‘धप्प’ आपटते आणि भित्रा कुत्रा पुन्हा तिच्याकडे फिरकत नाही. म्हणून आधी फळीखाली उशी ठेवतात, फळी अगदी थोडीच हलू देतात आणि प्रत्येक आवाजाला चीजचा तुकडा देतात. काही दिवसांनी कुत्र्याला वाटायला लागतं, की धप्प वाजणं ही फार छान गोष्ट आहे!

सगळ्यांत अवघड असतात त्या काठ्या. स्पर्धेत बारा काठ्या, दोन काठ्यांत सुमारे दोन फुटांचं अंतर. पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी राहील असंच आत शिरायचं आणि एकही न गाळता नागमोडी जायचं. हे शिकायला काही महिने सहज जातात. कुठल्याही कुत्र्याला हे जन्मतः येत नाही, तेव्हा ‘आमचा फार हुशार आहे’ म्हणणाऱ्यांची इथे चांगलीच जिरते.

पण माझ्या मते खरी शाळा असते ती माणसांची. अ‍ॅजिलिटीत कुत्र्याला हात लावायचा नाही, अडथळ्याला हात लावायचा नाही, स्पर्धेत खाऊ किंवा खेळणं हातात ठेवायचं नाही. उरलं काय? तुमचा आवाज आणि तुमचं शरीर. त्यातही कुत्रा शब्दांपेक्षा तुमच्या पायांकडे आणि खांद्यांकडे अधिक बघतो. तोंडाने ‘बोगदा, बोगदा!’ ओरडताय आणि पाय वळलेत उडीकडे, तर तो उडीच मारणार. चूक कुणाची? म्हणूनच स्पर्धेआधी सगळे स्पर्धक कुत्र्यांना बाजूला ठेवून नुसतेच रिंगणात फिरतात. क्रमांक बघत, हवेत हात फिरवत, अदृश्य कुत्र्याला हाका मारत! बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, की वेड्यांचा बाजार भरलाय. चुकीचा अडथळा घेतला की बाद. तीनदा अडथळ्यापाशी अडला तरी बाद. आणि कुत्र्याला दांडगाईने वागवलं तर परीक्षक माणसालाच बाद करतो. हा नियम मला फार आवडतो.

स्पर्धेच्या दिवशीही सगळी कामं सभासदांचीच. एक जण परीक्षकाच्या खुणा पाहून गुण लिहितो, एक वेळेकडे बघतो, दोघं-तिघं दांड्या लावायला. आणि एक काम मुलांकडे हमखास येतं. धावणारा कुत्रा एका टोकाला सुरू होतो आणि दुसऱ्या टोकाला संपवतो. त्याची काढलेली साखळी मात्र सुरुवातीलाच पडून असते. ती उचलून धावत शेवटच्या रेषेजवळ नेऊन ठेवायची. दिवसभरात शंभर कुत्रे, शंभर साखळ्या! वाटतं फडतूस, पण साखळी जागेवर नसली, तर खुशीत आलेला मोकळा कुत्रा सरळ शेजारच्या रिंगणात घुसतो. केनेल क्लबची 6 ते 24 वर्षांच्या मुलामुलींसाठी वेगळी शाखाही आहे, ‘यंग केनेल क्लब’. तिच्या स्पर्धा थेट क्रफ्ट्समध्ये होतात.

आता मोत्याचं. मोत्या बहुतेक आपला गावठी, आणि पत्रलेखकांना धाकधूक तीच आहे. ऐका तर. प्रदर्शनात जात बघतात, कान-शेपटी मोजतात. अ‍ॅजिलिटीत तसलं काही नाही. मिश्र जातीच्या कुत्र्यालाही उतरता येतं. उंचीनुसार गट केलेले असतात, तेवढंच. अमेरिकेत न्यू यॉर्कच्या ‘वेस्टमिन्स्टर’ या जुन्या, मानाच्या प्रदर्शनाने 2014 मध्ये अ‍ॅजिलिटीची स्पर्धा सुरू केली आणि तीत मिश्र कुत्र्यांना दार उघडलं. 2024 मध्ये ही स्पर्धा कुणी जिंकली असेल? ‘निंबल’ नावाच्या चिमुकल्या मिश्र कुत्रीने! 12 इंची उड्यांच्या गटातली ती. मोठमोठ्या, रुबाबदार कुत्र्यांना तिने मागे टाकलं.

तेव्हा मोत्याची जात विसरा. जवळपास क्लब नसला, तरी दोन विटा आणि केरसुणीचा दांडा मिळेलच. दांडा विटांवर नुसता टेकवून ठेवा, बांधू नका. पाय लागला तर तो पडला पाहिजे. उंची वीतभरही नको. जागा मातीची किंवा गवताची. गच्चीवर आणि फरशीवर मुळीच नाही, तिथे पाय घसरतात. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकूनच थंड होतो. मोत्या वर्षाच्या आतला असेल, तर दांडा सरळ जमिनीवर ठेवा. तुम्ही शेजारून पळा, तो आला की पोळीचा तुकडा द्या. पाच मिनिटं पुष्कळ झाली.

आणि मधेच त्याने जांभई दिली, ओठ चाटले किंवा दांड्याकडे पाठ फिरवून उगाच जमीन हुंगायला लागला, तर तो आळशी झालेला नाही. त्याला ताण आलाय, नाहीतर कंटाळा. दांडा उचला, विटा जागेवर ठेवा आणि त्याला फिरायला न्या. त्या दिवशीची शाळा सुटली!