केपटाऊनमध्ये भेटलेली बोली

निजामपुऱ्यात वाढलेल्या मला बँकेत गिऱ्हाईक हमखास म्हणे, “साहेब, मराठी छान बोलता हो!” निवृत्तीनंतर केपटाऊनला गेलो. रायलँड्समधल्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजानंतर शेजारच्या वृद्धांनी माझ्या आईच्याच कोकणीत गाव विचारला. शाबासकी नाही!

त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून गेलेले. १९१३ च्या कायद्याने बायकामुलांखेरीज नव्यांना दार बंद झाले. १९६६ साली डिस्ट्रिक्ट सिक्स गोऱ्यांसाठी जाहीर झाले. राहते घर गेले, बोली तेवढी बरोबर आली. आपल्या मराठीच्या खतावणीत ही जमा आपण अजून धरलेली नाही. (हिशेबनीस माणूस, सवय जात नाही.)

आम्ही दोघे चुलत्यांसारखे बोलत बसलो. त्यांचा नातू मध्येच इंग्रजीत विचारता झाला, “आजोबा, काय म्हणतायत हे?”