विश्लेषण : गुरुजी दुसरीला शिकवत असताना पहिलीची मुलं काय करतात? वर्गात मुलं रमण्यामागचं गणित

वर्गात मुलांचं लक्ष लागत नाही, ही तक्रार परभणी जिल्ह्यातल्या बोरीत ऐकू येते तशी पुण्या-मुंबईतही ऐकू येते. पण जिंतूर तालुक्यातल्या बोरी परिसरात, विशेषतः आसपासच्या वाड्या-तांड्यांवर, या तक्रारीमागे काही वेगळी कारणं आहेत. एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात. काही मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा निराळी असते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या आई-वडिलांसोबत काही मुलं गाव सोडतात. अशा वर्गात मुलांना शिकण्यात गुंतवायचं कसं?

आधी वेळेचा हिशेब

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. पटसंख्या ६० पर्यंत असेल तर कायदा दोन शिक्षक देतो.

आता पहिली ते चौथीची शाळा घ्या. वर्ग चार आणि शिक्षक दोन. म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे दोन इयत्ता आल्या आणि ४ तासांतले २ तासच एका इयत्तेच्या वाट्याला आले. उरलेले २ तास मुलं शिक्षकाच्या थेट शिकवण्याशिवाय बसलेली असतात. त्या वेळात ती पाटीवर तेच ते गिरवत बसली, तर वर्षाकाठी जवळपास ४०० तास वाया जातात. लहान शाळेत मुलांनी स्वतःहून शिकण्यात गुंतणं हीच मोठी गरज ठरते, ती इथे.

परितेवाडीत नेमकं काय झालं?

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं. रक्कम होती १० लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांमध्ये वाटून दिली.

डिसले यांचं नाव घेतलं की क्यूआर कोड आठवतो. पाठ्यपुस्तकात कोड छापायचा, तो फोनवर स्कॅन केला की कवितेचा ऑडिओ, धड्याचा व्हिडिओ, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडतो. २०१७ मध्ये राज्य सरकारने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड आणण्याचं जाहीर केलं.

मात्र त्याआधीचा टप्पा फारसा सांगितला जात नाही. २००९ मध्ये ते शाळेत रुजू झाले, तेव्हा इमारत मोडकळीला आलेली होती. मुलं घरी कन्नड बोलायची आणि पुस्तकं त्यांच्या भाषेत नव्हती. इंजिनीअरिंग अर्धवट सोडून शिक्षक झालेले डिसले आधी कन्नड शिकले, मग पुस्तकांचा मजकूर त्यांनी मुलांच्या भाषेत नेला. कोड त्यानंतर आला. मुलाला वर्गातलं बोलणं कळलं, तरच पुढची सगळी साधनं कामाला येतात.

फोन असला की काम झालं का?

नाही. असर २०२४ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात १४ ते १६ वयोगटातल्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित कामासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के, तर सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के होती.

पहिली-दुसरीच्या मुलाची अडचण आणखी साधी आहे. घरातला एकमेव फोन दिवसभर शेतावर गेलेल्या वडिलांच्या खिशात असतो.

मग फोनशिवाय काय चालतं?

एक उदाहरण साताऱ्याचं. तिथल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत आणली. फरशीवर आकृत्या, मोजायला बिया-खडे, शब्दांच्या पट्ट्या. मुलं गटात बसून स्वतः करून पाहतात आणि शिक्षक अडलेल्या गटाजवळ जातो. राज्यभरातले शिक्षक तिथे पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासन निर्णयानंतर या पद्धतीला आणखी जोर आला. फक्त एक धोका आहे. फरशी रंगवणं एका दिवसात होतं, मुलाला स्वतः विचार करू देण्याची सवय लागायला वर्ष जातं.

दुसरं उदाहरण 'प्रथम' संस्थेचं. मुलांचे गट वयाप्रमाणे करण्याऐवजी त्यांना आज काय येतं, त्यावरून करायचे. मुंबई आणि वडोदऱ्यात मागे पडलेल्या मुलांना असं वेगळं शिकवल्यावर शिकण्यात सुधारणा दिसली. हा अभ्यास करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

याची गरज किती?

असर २०२४ नुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. सुधारणा आहे, तरी चारातल्या तीन मुलांपुढे तिसरीचं पुस्तक उघडलं तर ते त्यांच्यासाठी बंदच असतं. असं मूल खिडकीबाहेर पाहणारच. त्याला 'लक्ष दे' म्हणून उपयोग नाही, त्याला वाचता येईल असं काही हातात द्यावं लागतं.

बोरीसारख्या भागात अडतं कुठे?

ऊसतोडीच्या काळात मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तरीही जे मूल जातं, ते परत येतं तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. त्याला वयाच्या रांगेत बसवलं की ते गप्प होतं. जे येतं तिथून सुरू करू दिलं, तर टिकण्याची शक्यता वाढते.

दुसरा अडसर शिक्षकाच्या वेळेचा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामं देण्यास मनाई करतं. तरी माहिती भरणं, फोटो अपलोड करणं, वेगवेगळ्या ॲपवरच्या नोंदी यांत वेळ जातो, ही शिक्षकांची जुनी तक्रार आहे. दोन शिक्षकी शाळेतला एक जण बैठकीला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. मग प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला उरतो दिवसाला एक तास.

पालकांनी काय विचारावं?

शाळेत डिजिटल बोर्ड आहे का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आणखी तीन प्रश्न विचारता येतील. गुरुजी दुसऱ्या वर्गाकडे असताना आमचं मूल काय करतं? त्याला आज कुठपर्यंत वाचता येतं? आणि या महिन्यात किती दिवस शिक्षक शाळेबाहेरच्या कामाला गेले? समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत, असं कायदाच सांगतो. त्यामुळे हे प्रश्न विचारायला वेगळ्या परवानगीची गरज नाही.