स्टार्टअपचा ड्रोन तयार आहे, मग लष्कराची ऑर्डर का अडते?

‘थ्री इडियट्स’मध्ये कॉलेजच्या हॉस्टेलबाहेर घिरट्या घालणारं चार पंख्यांचं यंत्र आठवतंय? २००९ मध्ये अनेकांना ती सिनेमातली करामत वाटली होती. पण ते यंत्र खरं होतं. ते बनवलं होतं आयडियाफोर्ज या कंपनीनं. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांची ही कंपनी पवईतल्या आयआयटीच्याच इन्क्युबेटरमध्ये वाढली.

कंपनी सुरू झाली २००७ मध्ये. डीआरडीओसोबत तिनं ‘नेत्र’ हा ड्रोन विकसित केला आणि २०१३ च्या उत्तराखंडमधल्या महापुरात शोधकार्यासाठी तो वापरलाही गेला. पण भारतीय लष्कराकडून सुमारे २ कोटी डॉलरची मोठी ऑर्डर मिळायला जानेवारी २०२१ उजाडलं. तोवर १४ वर्षं गेली होती.

संरक्षण क्षेत्रातल्या स्टार्टअपची बातमी बहुतेक वेळा अनुदानाची नाहीतर उद्घाटनाची असते. पण वस्तू तयार झाल्यावर ती सैन्याच्या हातात पडायला इतका वेळ का लागतो? आणि इन्क्युबेटर यात किती मदत करू शकतो?

इन्क्युबेटर नेमकं काय करतो?

इन्क्युबेटर म्हणजे मूळ अर्थानं अंडी उबवायची पेटी. इथे उबवली जाते नवी कंपनी. आयआयटी मुंबईचा ‘साइन’ हा इन्क्युबेटर २००४ पासून हेच काम करतोय. बसायला जागा, प्रयोगशाळा, प्राध्यापकांचा सल्ला, पेटंट आणि हिशेबासाठी मदत, गुंतवणूकदारांशी ओळख अशा गोष्टी कंपनीला मिळतात. त्या बदल्यात इन्क्युबेटर सहसा कंपनीत छोटा हिस्सा घेतो.

संरक्षण क्षेत्रात एवढ्यानं भागत नाही. फवारणीचा ड्रोन एखाद्या शेतात उडवून बघता येतो आणि शेतकऱ्याला काय हवंय ते बांधावर जाऊन विचारता येतं. लष्कराला नेमकं काय हवंय, हे मात्र बाहेरच्याला सहज कळत नाही. चाचणीसाठी लागणारी मैदानंही लष्कराच्याच ताब्यात असतात. त्यामुळे इथे इन्क्युबेटरला लष्कर आणि स्टार्टअप यांच्यातला दुवाही व्हावं लागतं.

सरकारची योजना काय आहे?

एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईजवळच्या डिफेन्स एक्स्पोमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘आयडेक्स’ ही योजना सुरू केली. ती राबवण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपन्यांनी १०० कोटी रुपयांच्या निधीतून स्वतंत्र संस्था उभी केली.

योजनेचं सूत्र साधं आहे. सैन्यदलं आपली अडचण जाहीर करतात आणि स्टार्टअप त्यावर उपाय सुचवतात. निवड झालेल्या कंपनीला नमुना बनवण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. तेवढाच वाटा कंपनीनंही पैशांच्या किंवा इतर साधनांच्या रूपात उचलायचा असतो. पुढे ही मर्यादा वाढत गेली. २०२२ च्या ‘आयडेक्स प्राइम’मध्ये ती १० कोटी झाली, तर २०२४ च्या ‘अदिती’ योजनेत २५ कोटी.

अर्जांची छाननी, मार्गदर्शन आणि कामावर लक्ष ठेवणं यासाठी देशभरातले इन्क्युबेटर भागीदार म्हणून जोडले गेले. मुंबईचा ‘साइन’, हैदराबादचा ‘टी-हब’, कोइंबतूरचा ‘फोर्ज’ ही त्यातली काही नावं. कोइंबतूरपाठोपाठ नाशिकमध्येही ‘डिफेन्स इनोव्हेशन हब’ उभारण्याची घोषणा २०१८ मध्येच झाली होती. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे आणि सुटे भाग बनवणारे लघुउद्योगही आसपास आहेत.

मग गाडी अडते कुठे?

फेब्रुवारी २०२५ पर्यंत आयडेक्समध्ये विकासाचे ४३० करार झाले होते. सैन्यदलांसाठी खरेदीला मंजुरी मिळालेल्या वस्तूंचा सरकारनं दिलेला आकडा होता ४३. त्यांची किंमत २,४०० कोटी रुपयांहून जास्त.

४३० पैकी उरलेले सगळे प्रकल्प फसले, असा याचा अर्थ नाही. अनेक करार ताजे आहेत आणि त्यांचे नमुने अजून तयार होत आहेत. पण नमुना आणि ऑर्डर यांच्यात मोठं अंतर आहे, एवढं यातून दिसतं.

या अंतरात बऱ्याच पायऱ्या असतात. राजस्थानच्या उन्हात आणि लडाखच्या थंडीत वस्तू टिकते का, ते बघितलं जातं. मग दर्जाची तपासणी, खरेदीच्या गरजेला औपचारिक मंजुरी, किमतीची बोलणी आणि शेवटी करार. मध्येच संबंधित अधिकाऱ्याची बदली झाली, तर नव्या अधिकाऱ्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. इकडे कंपनीला दर महिन्याला पगार द्यावेच लागतात. अनुदान असतं नमुन्यासाठी. ते संपतं आणि ऑर्डर आलेली नसते.

२०२२ मध्ये सरकारनं आयडेक्सची खरेदी प्रक्रिया सोपी केली. मंजुरीपासून करारापर्यंत सुमारे २२ आठवडे लागावेत, असं उद्दिष्ट ठेवलं. आधीच्या मानानं ही मोठी सुधारणा आहे. पण हे २२ आठवडे मोजले जातात औपचारिक मंजुरी मिळाल्यानंतर. त्याआधीचा काळ त्यात धरलेला नाही.

एकदा ऑर्डर मिळाली की सुटलं?

तसंही नाही. आयडियाफोर्जचंच उदाहरण घ्या. जुलै २०२३ मध्ये ६७२ रुपयांना विकलेला तिचा शेअर बाजारात पहिल्याच दिवशी जवळपास दुप्पट भावानं, १,३०० रुपयांना उघडला. २०२३-२४ मध्ये कंपनीचा महसूल ३१४ कोटी रुपये होता आणि नफा ४५ कोटी. पुढच्याच वर्षी महसूल १६१ कोटींवर आला आणि तब्बल ६२ कोटींचा तोटा झाला. सरकारी ऑर्डर लांबल्याचा मोठा फटका बसला होता. मग जून २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाकडून सुमारे १३७ कोटींची नवी ऑर्डर आली.

शेअर बाजारात नोंदलेल्या, नावाजलेल्या कंपनीची ही स्थिती असेल, तर वीस-पंचवीस जणांच्या स्टार्टअपचं काय होईल? गिऱ्हाईक मुळात एकच असेल आणि त्यानं वर्षभर खरेदी पुढे ढकलली, तर छोटी कंपनी बंद पडू शकते. तिच्याबरोबर अनुदानातले करदात्यांचे पैसेही वाया जातात.

लष्कराची बाजू काय?

लष्कराची सावधगिरी अनाठायी नाही. २०२५ च्या सुरुवातीला ४०० ड्रोन खरेदीचे २३० कोटींहून जास्त किमतीचे करार रद्द झाले. कारण होतं ड्रोनमधले चिनी बनावटीचे सुटे भाग. सीमेवर उडणारा ड्रोन कुणी हॅक केला किंवा ऐन वेळी तो बंद पडला, तर त्याची किंमत जवानाला मोजावी लागते. त्यामुळे चाचण्या कमी करणं हा उपाय नाही. पण चाचणीसाठी लागणारा वेळ आणि फाइल पडून राहण्यात जाणारा वेळ यात फरक आहे. दुसरा वेळ नक्की कमी करता येतो.

उपाय काय?

चाचणीची सोय वाढवणं हा एक मार्ग आहे. त्यासाठी २०२० मध्ये सरकारनं ४०० कोटींची योजना आणली. तिच्यात चाचणी केंद्र उभारायला ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. दुसरा मार्ग इन्क्युबेटरच्या हातात आहे. पोलीस, खाणींचं सर्वेक्षण, जमीन मोजणी, आपत्ती व्यवस्थापन असं दुसरं गिऱ्हाईक सुरुवातीपासून शोधायला तो स्टार्टअपला मदत करू शकतो. लष्कराची ऑर्डर येईपर्यंत कंपनी त्यावर तग धरू शकते.

यापुढे ‘अमुक इतक्या संरक्षण स्टार्टअपना अनुदान’ अशी पोस्ट फीडमध्ये दिसली, तर तीन गोष्टी तपासून बघा. किती वस्तूंच्या चाचण्या पूर्ण झाल्या? त्यातल्या किती सैन्यानं खरेदी केल्या? आणि त्याच कंपनीला दुसरी ऑर्डर मिळाली का? योजना किती चालली, ते या तीन उत्तरांवरून कळेल.