बाटलीवर त्रिकोण नाही, तरी जपा



मे महिन्यात सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासावी ते दाखवायला एका गावी गेलो होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून, गुंडाळी करून झाली आणि आम्ही पडवीत टेकलो. घरच्या सूनबाईंनी चहा आणला. कप घेताना त्यांच्या बोटांकडे लक्ष गेले. कातडी सोलवटलेली, बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड, आणि डोळ्यांच्या पापण्या सुजून जड झालेल्या.

"सूनबाई, फवारणीचे औषध कालवता की काय?" मी विचारले. सासूबाई म्हणाल्या, "कुठलं औषध, साहेब! दृष्ट लागली पोरीच्या हाताला. इतकी सुंदर कामं करते, सारा तालुका बघायला येतो."

मग कपाटातून कामे बाहेर आली. लग्नातला हार काचेसारख्या चौकटीत गोठवलेला, नावांच्या किल्ल्यांच्या साखळ्या, बाळाच्या पहिल्या जावळाची पेटी. मोबाइलवर पाहून शिकल्या आणि लग्नसराईत बऱ्यापैकी पैसे मिळवले. शेतीला जोड म्हणून मला त्यांचे कौतुकच वाटले. पण दुखणे तिथेच होते.

या वस्तू ज्याच्या करतात ते रेझिन. रेझिन म्हणजे राळ. झाडाची राळ आणि पळसा-बोरीवरची लाख आपल्याला ठाऊक आहे. ती तापवली की मऊ होते, निवली की घट्ट. हे रेझिन कारखान्यात केलेले असते. दोन बाटल्या येतात, एकीत राळ आणि दुसरीत हार्डनर. दोन्ही कालवले की त्यांची आपसात सांधेजोड होते, उष्णता निघते आणि द्रव घट्ट होतो. तो पुन्हा वितळत नाही. पुरता घट्ट झालेला तुकडा हाताळायला सहसा त्रास देत नाही. धोका आहे तो पातळ असेपर्यंत, चिकट असेपर्यंत, आणि घासताना उडणाऱ्या धुळीत.

मी दोन्ही बाटल्या मागवल्या. आपण कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण पाहायला शिकलो आहोत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, त्यानंतर मी कितीतरी सभांतून त्या त्रिकोणावर बोललो. पण तो त्रिकोण फक्त कीटकनाशकांसाठी आहे. रेझिनच्या बाटलीवर तो नसतोच, म्हणून घरात समज झाला की हा काही विषाचा माल नव्हे. शिवाय लेबलावर मोठ्या अक्षरांत 'नॉन-टॉक्सिक' छापलेले. असे शब्द पुष्कळदा घट्ट झालेल्या मालाला धरून असतात. त्याच लेबलाच्या कोपऱ्यात उद्गारचिन्हाची चौकट होती आणि हातावर थेंब पडून कातडी जळते असे चित्र होते. ते कोणी पाहिलेच नव्हते.

वासानेही फसगत होते. कीटकनाशकाचा उग्र दर्प आला की माणूस आपसूक मागे सरतो. एपॉक्सी जातीच्या रेझिनला वास फारसा नसतो, म्हणून तोंड जवळ नेऊन काम चालते.

आता या दुखण्याची खोड नीट समजून घ्या, कारण डॉक्टरांकडे जायला उशीर होतो तो इथेच. पहिल्या दिवशी हाताला लागले आणि काही झाले नाही, तर आपण निर्धास्त होतो. पण एपॉक्सीची राळ आणि तिचा हार्डनर या दोन्हींनी शरीर हळूहळू बिथरते. काहींना काही आठवड्यांत, काहींना महिन्यांनी, काहींना वर्षांनी एक दिवस अचानक खाज, लाली, फोड येतात. एकदा शरीराने हा वैरी ओळखला की ती ओळख बहुधा जन्मभर पुसत नाही. मग थेंबभरही पुरतो. पापण्यांची कातडी पातळ असते, म्हणून हातमोज्याने डोळा चोळला किंवा बारीक धूळ बसली तरी सूज तिथे आधी दिसते. सूनबाईंनी दीड वर्ष काम केले होते आणि त्रास दोन महिन्यांचा. "इतके दिवस सोसले, मग आत्ताच कसे?" हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचे उत्तर हेच.

चुका काय होत होत्या तेही सांगतो. हातमोजे होते, पण दवाखान्यातले पांढरे रबरी. त्यातून हा माल झिरपतो. नायट्राइलचे हातमोजे घ्यावेत आणि माखले की फेकावेत. धुऊन पुन्हा घालू नयेत. हाताला चिकटलेले रेझिन त्या थिनरने काढत. थिनर कातडीचे तेल काढून टाकतो आणि उरलेला माल आत शिरायला वाट मोकळी होते. आधी कोरड्या फडक्याने टिपावे, मग साबण-पाणी. तोंडाला कापडी मास्क होता. तो धूळ थोडीफार अडवतो, वाफ मुळीच नाही. वाफेसाठी कोळशाच्या डबीचा मास्क लागतो. आणि काम चालायचे स्वयंपाकघरात, कारण वजनकाटा तिथे! रेझिनचा काटा, पेले, काड्या वेगळ्या ठेवा, आणि काम दोन्हीकडून वारा खेळेल अशा जागी करा. लहान मुले आणि गरोदर बाई तिथे नकोत.

घाईत हार्डनर जास्त घातला की लवकर घट्ट होते, हा समजही चुकीचा आहे. एपॉक्सीत दोन्हींची जोडी मोजून जमते. जास्तीचा हार्डनर जोडीविना उरतो, वस्तू चिकट राहते, आणि तो चिकटपणा म्हणजेच कातडीला लागणारा माल. दोनास एक हे प्रमाण मापाने आहे की वजनाने, ते लेबलावर वाचा. राळ हार्डनरपेक्षा जड असते, त्यामुळे दोन्ही हिशेब एक नव्हेत. शिवाय उन्हाळ्यात एकाच पेल्यात पुष्कळ कालवून ठेवले तर ते आपोआप तापते, धूरही सोडते. थोडे कालवा, लगेच ओता. जाड वस्तूसाठी सावकाश घट्ट होणारे ओतकामाचे रेझिन मागा. वरच्या लेपाचे रेझिन जाड ओतले की तापून तडकते. घासणे वस्तू पुरती पिकल्यावर आणि पाणी लावूनच. त्याला चोवीस तास नव्हे, काही दिवस द्या.

कोणी स्वस्त म्हणून फायबरवाल्याकडचे पॉलिस्टर रेझिन सुचवले तर घरात आणू नका. त्यात स्टायरीन असते, त्याचा वास सारे घर व्यापतो; जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली ते माणसाला बहुधा कर्करोगकारक ठरवले आहे. त्याच्यासोबत एक जांभळट बाटली असते, कोबाल्टची, आणि एक पाण्यासारखी, पेरॉक्साइडची. या दोन्ही थेट एकमेकींत मिसळल्या तर भडका उडतो. पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तसे झाल्यास निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवा, मग गाडी काढा. झटपट घट्ट होणाऱ्या पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट असते, त्याने दमा जडतो. दिव्याखाली घट्ट होणारे यूव्ही रेझिन सोपे दिसते, पण कातडी बिथरवण्यात तेही मागे नाही.

सूनबाईंना मी तालुक्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले, आणि सोबत दोन्ही बाटल्यांची लेबले न्यायला सांगितले. तिथे पाठीवर पट्ट्या लावून तपासणी झाली. एपॉक्सीच निघाले. डॉक्टरांनी सांगितले, आता चांगले हातमोजे घालूनही हे काम नको.

पेरणीनंतर पुन्हा त्या गावी गेलो. हात बरे दिसत होते. हार त्या आता सिलिका जेलमध्ये वाळवतात आणि काचेच्या खोल चौकटीत बसवतात. निळे खडे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असते; पांढरे किंवा नारिंगी घ्या. साखळ्यांचे गिऱ्हाईक तुटले. चौकटीला रेझिनइतका भावही येत नाही, हे त्यांनी स्पष्टच सांगितले. लहान मुलांच्या पावलांचे ठसे शाडूच्या मातीत घेऊन ते प्लास्टरमध्ये ओतायचा विचार आहे. तेव्हा मी बजावले की ओले प्लास्टर घट्ट होताना चांगलेच तापते, मुलाचा हात-पाय त्यात कधी ठेवू नये. ठसा मातीत, ओतकाम नंतर.

दीड किलो रेझिन शिल्लक होते. "नणंदेला देऊ का?" त्यांनी विचारले. नाही म्हणालो. मोरीत, विहिरीजवळ ओतायचे नाही, चुलीतही घालायचे नाही. त्यांच्या दिरांनी नायट्राइलचे हातमोजे घालून अंगणात थोडे थोडे मापाने कालवले आणि जुन्या डब्यांत घट्ट होऊ दिले. आठ दिवसांनी त्या चकत्या नगरपालिकेच्या कचरागाडीत दिल्या.