१४४ लागू आहे

१४४ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? जमावबंदी. मोर्चा अडवला, पोरं गाडीत कोंबली. १ जुलै २०२४ पासून तो आकडा फिरलाय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत जमावबंदी गेली १६३ मध्ये, आणि १४४ झालं पोटगीचं कलम. जुनं १२५. आता हे १४४ कुणावर लागतं बघा. आपल्याच माणसावर.

भंडाऱ्यात १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पडले. ती सल आपण भाषणात काढतो. त्याच जिल्ह्यात पवनी-साकोलीकडची टाकलेली बाई रोवणीला जाते, विड्या वळते, आणि तारखेला पोर कडेवर घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसते. हुकूम हातात आहे, पैसा नाही. तो कुठाय? नागपूरला, नाहीतर मुंबईला. वारंट निघालं की शिपाई लिहून आणतो, ‘इसम मिळून आला नाही’. चौदा एप्रिलला मात्र इसम स्टेजवर मिळून येतो. गळ्यात निळा गमछा, हातात माईक. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ ला मंत्रिपद सोडलं, हे तोच घसा फोडून सांगतो!

त्याची कारणं ठरलेली. ‘समाजाचे चार पंच बसले, काडीमोड झाला, मिटलं.’ मिटलं काहून रे? १९७३ च्या संहितेनंच घटस्फोटित बाईला, ती दुसरं लग्न करत नाही तोवर, पोटगीपुरतं बायको धरलंय. दुसरं कारण, ‘महिनाभर आत जाऊन येतो, हिशेब फिटला.’ नाही फिटत. सुप्रीम कोर्टानं १९८८ लाच सांगितलं, तुरुंग ही वसुलीची रीत आहे, पैसे भरल्याची पावती नव्हे. तिसरं आपलं खास: ‘बाईनं आपल्या माणसाला कोर्टात खेचलं की चळवळ बदनाम होते.’ साल्या, आम्ही गोदीवाले एका पाळीच्या पैशासाठी क्रेन थांबवतो. तुझी पोरं तिनं वाढवली, त्या पाळ्यांचा पैसा कोण देणार?

व्यवस्था काही कमी हरामी नाही. २००१ पर्यंत केंद्राच्या कायद्यात या कलमाखाली महिना ५०० चीच मर्यादा होती. अजूनही थकबाकीच्या वारंटासाठी वर्षाच्या आत अर्ज टाकावा लागतो, म्हणून हा तारखा खात बसतो. पण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० ला ठरवून दिलं: पोटगी अर्जाच्या तारखेपासून, दोघांनी मिळकत प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची, आणि वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखीही करता येते. म्हणजे पगारदाराचा पगार जप्त. इतर कर्जात पगाराचा मोठा भाग वाचतो, पोटगीच्या हुकूमनाम्यात एक तृतीयांशच.

पोलिसाला जो सापडत नाही त्याचा पत्ता आपल्या शाखेच्या वहीत आहे. वर्गणी घेतो ना त्याच्याकडून? तो पत्ता, तो कुठं नोकरीला आहे ते, तिच्या वकिलाच्या हातात द्या. आणि येत्या जयंतीला वक्त्यांची यादी करताना प्रत्येकाला आधी विचारा, भाऊ, किती महिने थकलेत?